मार्शा लिनेहन : आधी पेशंट, मग प्रोफेसर

शाईपेन

गेले दोन आठवडे एकाच बाईंच्या मागे लागलेय, घरातले आता विषय काढला की उठून जातात, म्हणून तुमच्या गळ्यात मारतेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

मानसशास्त्राचे प्रोफेसर म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर दोनच चित्रं यायची. एक फळ्यावर फ्रॉइड लिहिणारे सर आणि दुसरं म्हणजे पेशंटला कोचावर आडवं करून "हं, लहानपणाबद्दल सांगा" म्हणणारे दाढीवाले डॉक्टर. मार्शा लिनेहन या दोन्हीत बसत नाहीत. सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये १९७७ पासून चाळीसेक वर्षं त्यांनी काढली, वर्गात शिकवलं, लॅब चालवली, क्लिनिक चालवलं आणि ज्या पेशंटना बाकीचे थेरपिस्ट हात लावायला घाबरायचे, म्हणजे वारंवार जीव द्यायला निघणारे, स्वतःला इजा करणारे लोक, त्यांच्यासाठी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी नावाचा उपचार उभा केला. सगळे डीबीटी म्हणतात, मीही तेच म्हणेन.

आता मागे जाऊ. १९४३ चा जन्म, ओक्लाहोमातलं टल्सा. शाळेत हुशार, पियानो वाजवणारी मुलगी. १९६१ च्या मार्चमध्ये, सतराव्या वर्षी, तिला कनेटिकटमधल्या हार्टफर्डच्या इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग या मनोरुग्णालयात भरती केलं. निदान स्किझोफ्रेनिया. थोराझीन नावाचं औषध, विजेचे शॉक, सगळं झालं, गुण शून्य. स्वतःला इजा करणं थांबेना म्हणून एकांताच्या खोलीत ठेवायचे. एक पलंग, एक खुर्ची, गज लावलेली एवढीशी खिडकी, बस. एकूण २६ महिने! सोडताना डॉक्टरांनी कागदावर लिहिलं की यातला बराच काळ ही आमच्याकडच्या सगळ्यात बिघडलेल्या पेशंटपैकी एक होती. तिथेच तिनं मनाशी शपथ घेतली की मी या नरकातून बाहेर पडेन आणि मग परत येऊन बाकीच्यांना बाहेर काढेन.

तर १९६३ ला बाहेर. पुढे शिकागो, विमा कंपनीत कारकुनी आणि रात्री लोयोला युनिव्हर्सिटीत क्लास. बीएस १९६८, एमए १९७०, पीएचडी १९७१. मला गंमत वाटली ती ही की पीएचडी क्लिनिकलमधली नाहीच, सोशल आणि पर्सनॅलिटीच्या प्रयोगांवरची. पेशंट बघायचं शिकल्या त्या नंतर, बफेलोच्या आत्महत्या प्रतिबंध केंद्रात, आणि मग स्टोनी ब्रूकला एक वर्षाचा बिहेवियर थेरपीचा कोर्स. म्हणजे बाई दोन टोकांनी घडल्यात. डोकं प्रयोगवाल्यांचं आणि उमेदवारी अशा ठिकाणची जिथे माणूस रात्री कडेलोटाला येऊन फोन करतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की या बाईंचं प्रोफेसर असणं आणि थेरपिस्ट असणं हे वेगळं काढताच येत नाही. त्यांचा उपचार एका शिक्षिकेनं केलेला उपचार आहे. कसा ते पुढे लिहिते, आधी तुमच्या शिव्या येऊ देत.

---

तिरकस

शिव्या नाहीत, प्रश्न आहे. प्रोफेसर बाई पेशंट बघणार कधी? लेक्चर, पेपर तपासणं, कमिट्या, मीटिंगा. की नावाला क्लिनिक आणि काम पोरं करतात?

---

खिडकीपाशी

तिरकस, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे याचं उत्तर देणं आलं.

पोरं करतात हे अर्धं खरं आहे आणि ते तसंच असायला हवं, कारण ते ट्रेनिंग क्लिनिक असतं. १९४९ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरला एक परिषद झाली होती, तिथे ठरलं की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आधी संशोधक म्हणून घडवायचा आणि सोबत उपचार करणारा म्हणून. याला बोल्डर मॉडेलच म्हणतात. त्यामुळे अमेरिकन विद्यापीठातल्या क्लिनिकल प्रोफेसरकडे तीन पाट्या असतात: शिकवणं, संशोधन आणि सुपरव्हिजन, आणि चौथी न लिहिलेली पाटी म्हणजे ग्रँट, संशोधनाचा निधी, मिळवणं. असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागलात की टेन्युअरचं, म्हणजे कायम नोकरीचं, घड्याळ सुरू, त्या ठरलेल्या वर्षांत पेपर आणि ग्रँट दाखवा नाहीतर सामान बांधा.

लिनेहननी स्वतः पेशंट घेतले, आणि सुरुवातीला तर काचेच्या भिंतीसमोर घेतले. एका बाजूनं आरसा, दुसऱ्या बाजूनं खिडकी. पलीकडे टीम बसलेली, बाई काय करतात, पेशंट कुठे बिथरतो, कुठे शांत होतो ते बघत. सेशन संपलं की चिरफाड. आम्ही शिकताना माझी पहिली टेप सरांसमोर लागली तेव्हा माझे कान गरम झाले होते, एवढ्या वेळा "हं, हं" म्हणत होते मी. एक सबंध मिनिट नुसतं हं. सरांनी टेप थांबवली आणि शांतपणे विचारलं, या मिनिटात तुम्ही काय करत होतात? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तर प्रोफेसर असून बाईंनी स्वतःला त्या खुर्चीत बसवलं याचं मला फार कौतुक आहे.

---

शाईपेन

खिडकीपाशी, बरं झालं आलात! त्या काचेपलीकडे जे दिसलं त्यातूनच सगळं निघालं.

बाई उतरल्या त्या शुद्ध बिहेवियर थेरपी घेऊन. प्रॉब्लेम काय आहे, वागणं कुठे बदलायचं, चला लागा कामाला. पेशंट भडकायचे, की म्हणजे सगळी चूक आमचीच, आमचं दुःख तुम्हाला कळलंच नाही. काही उठून जायचे. मग बाईंनी टोक बदललं. बदलाचं नावच काढायचं नाही, फक्त ऐकायचं, समजून घ्यायचं. आता पेशंट वेगळ्या कारणानं भडकले, की मी इथे तळमळतोय आणि तुम्ही काहीच करणार नाही होय? दोन्हीकडून मार. शेवटी लक्षात आलं की एकाच सेशनमध्ये, कधीकधी एकाच वाक्यात दोन्ही पाहिजे. तू आत्ता आहेस तसा ठीक आहेस आणि तुला बदलावं लागणार आहे. डायलेक्टिकल म्हणजे हेच, दोन उलट गोष्टी एकाच वेळी धरून ठेवणं.

स्वीकार शिकवायचा तर आधी स्वतःला यायला हवा, म्हणून बाई निघाल्या झेन शिकायला. आधी उत्तर कॅलिफोर्नियातला शास्ता ॲबी हा मठ, नंतर जर्मनीत विलिगिस येगर, जे कॅथलिक साधू आणि झेन गुरू दोन्ही होते. बाई स्वतः कट्टर कॅथलिक. तिथून आल्यावर देवधर्म बाजूला काढून त्यातलं शिकवता येईल तेवढं उचललं, अगदी गृहपाठ देता येईल इतकं बारीक करून. माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे बरंवाईट न ठरवता लक्ष देणं, हा शब्द आज मोबाईलच्या ॲपमध्ये लोळतोय, पण क्लिनिकमध्ये आणणाऱ्या पहिल्या काही लोकांत या होत्या.

---

कोपऱ्यातला

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

निशाचर७

इथे लिहू की नको असा दोन दिवस विचार करत होतो. माझी बहीण डीबीटीमधून गेलीय, पूर्ण वर्षभर. त्याआधी ज्या हॉस्पिटलात होती तिथे तिच्या फाईलवर कुणीतरी पेनानं "मॅनिप्युलेटिव्ह" लिहून ठेवलेलं, आणि ते तिनं वाचलं होतं. हॉस्पिटलचं नाव घेत नाही.

शाईपेन, तुम्ही शिक्षिकेचा उपचार म्हणालात ते वाचून मी खुर्चीतच हललो, कारण ताई जायची ती अक्षरशः शाळेतच. आठवड्यातून एकदा एकटीचं सेशन आणि एकदा अडीच तासांचा गट, आणि त्या गटाला सगळे क्लासच म्हणायचे. फाईल, हँडआउट, गृहपाठ. सुरुवातीलाच मागच्या आठवड्याचा गृहपाठ प्रत्येकानं वाचून दाखवायचा, केला नसेल तर ओरडा नाही, पण का झाला नाही, नेमकं कुठे अडलं ते सगळ्यांसमोर शोधायचं. ताई म्हणायची ओरडा परवडला.

आणि डायरी कार्ड! पोस्टकार्डापेक्षा थोडं मोठं, आडवे सात वार, उभे रकाने. आज दुःख किती, शून्य ते पाच. इजा करायची इच्छा झाली का, किती. क्लासात शिकवलेलं कुठलं स्किल वापरलं. रोज रात्री दात घासून झाले की भरायची. पहिले दोन महिने सगळीकडे पाच. मी चोरून बघायचो, हे आजही तिला माहीत नाही. मग एका मंगळवारी तीन दिसला. काय झालं मंगळवारी, विचारायची सोय नाही, कारण मी बघितलंच नव्हतं ना.

---

खिडकीपाशी

निशाचर, लिहिलंत ते चांगलं केलंत.

"मॅनिप्युलेटिव्ह" या शब्दावर लिनेहनचा राग प्रसिद्ध आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की दुसऱ्याला हवं तसं वळवायला कसब लागतं आणि ते कसब ज्याच्याकडे असतं त्याचा डाव कुणाच्या लक्षातही येत नाही. हे लोक मागतात ते इतक्या आरडाओरड्यानं, इतक्या वाईट पद्धतीनं, कारण बरी पद्धत त्यांना कुणी शिकवलेलीच नाही. काहींच्या भावना मुळातच भडक असतात आणि घरातून कायम ऐकायला मिळतं की "यात रडण्यासारखं काय आहे". दोन्ही एकत्र आलं की भावना हाताळायला शिकायची संधीच मिळत नाही. आणि शिकवलं नसेल तर शिकवायचं! अभ्यासक्रम चार भागांचा: माइंडफुलनेस, संकट निभावणं, भावनांचं नियमन, आणि माणसांशी व्यवहार करणं.

फोनचा भागही भारी आहे. पेशंट सेशनच्या मधे थेरपिस्टला फोन करू शकतो, पण कशाला, तर स्किल कसं वापरू हे विचारायला, इजा करून घेण्याच्या *आधी*. एकदा करून घेतलं की पुढचे चोवीस तास फोन बंद, म्हणजे जिवाला धोका आहे का तेवढं बघणार, बाकी गप्पा नाहीत. ऐकायला निर्दयी वाटतं. पण आधी सगळीकडे उलटं होतं ना, इजा केली की लोक धावत यायचे, नाही केली की कुणी विचारायचं नाही. बिहेवियरवाला माणूस लगेच ओळखेल की अशानं इजा करणंच पक्कं होतं.

आणि थेरपिस्टची आठवड्याची टीम मीटिंग हा उपचाराचाच भाग धरलाय, ऐच्छिक नाही. असे पेशंट बघून थेरपिस्ट जळून जातो हे बाईंनी गृहीतच धरलं होतं.

---

ढोबळमानाने

कौतुकसोहळ्यात पाणी ओततो, क्षमस्व.

१९९१ चा त्यांचा पहिला मोठा ट्रायल, म्हणजे पेशंटचे गट करून उपचारांची तुलना, ज्याच्या जोरावर सगळं उभं आहे, त्यात डीबीटी घेतलेल्या स्त्रियांनी स्वतःला इजा कमी केली, थेरपी कमी सोडली, हॉस्पिटलात कमी दिवस काढले. मान्य. पण नैराश्य, हताशा, आत्महत्येचे विचार यात दोन गटांत फरक नव्हता. आणि तुलना कशाशी, तर बाहेर जो मिळेल तो नेहमीचा उपचार. वर्षभर आठवड्यातून दोनदा, वर फोन, वर टीम, एवढं कुणीही दिलं तरी फरक पडेलच की! २००९ मध्ये टोरोंटोच्या गटानं १८० पेशंटवर डीबीटीची तुलना नीट आखलेल्या साध्या सायकियाट्रिक उपचाराशी केली तेव्हा दोन्ही गट सुधारले आणि फरक निघाला नाही. मग झेन, जर्मनी, काच या सगळ्याचं काय करायचं?

---

तिरकस

+१. मीही हेच विचारणार होतो, फक्त आकडे नव्हते.

---

शाईपेन

ढोबळमानाने, पाणी ओता, पण मडकं पूर्ण बघा.

तुमचा मुद्दा बाईंना स्वतःलाच टोचला असावा, कारण २००६ मध्ये त्यांनी १०१ स्त्रियांचा दुसरा ट्रायल छापला, त्यात तुलनेला मुद्दाम अवघड पेशंट हाताळण्यात नाव असलेले थेरपिस्ट घेतले. म्हणजे "कुणीही चांगला माणूस मिळाला तरी चालेल" हाच आक्षेप तपासायला. डीबीटीच्या गटात आत्महत्येचा प्रयत्न करण्याचं प्रमाण निम्मं निघालं. आणि २०१५ मध्ये तर त्यांनी स्वतःचीच थेरपी सुटी करून बघितली, ९९ स्त्रिया, तीन गट. एकाला फक्त स्किल्सचा क्लास, एकाला फक्त एकट्याचं सेशन, एकाला सगळं. इजा कमी होण्यात ज्या गटांत क्लास होता ते पुढे राहिले. म्हणजे बघा, थेरपिस्ट बाईंनी उभ्या केलेल्या उपचारातला शिकवणी हा भाग सगळ्यात चिवट निघाला, आणि ते त्यांच्याच ट्रायलमध्ये. मी वर जे म्हणाले ते हेच.

टोरोंटोबद्दल सहमत. तिथे हरल्या नाहीत, पण जिंकल्याही नाहीत.

---

ढोबळमानाने

२०१५ च्या वेळी ते सगळं देणाऱ्या गटाला इतरांवर म्हणावी तशी आघाडी मिळाली नाही हेही लिहा की. पण ठीक, स्वतःच्या उपचाराचे तुकडे करून बघणारा संशोधक मला आवडतो, एवढं मान्य करून बसतो.

---

खिडकीपाशी

१९९१ च्या निकालाबद्दल एक. विचार तेवढेच राहिले, हताशा तेवढीच राहिली आणि तरी इजा कमी झाली, हे मला क्लिनिकमध्ये बसून अजिबात किरकोळ वाटत नाही. तेवढंच वाईट वाटत असताना वेगळं वागता येणं, शिकवायचं तर तेच होतं. बरं वाटणं मागाहून येतं, काहींच्या बाबतीत फारच मागाहून.

अवांतर: डीबीटी बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरची थेरपी म्हणून ओळखली जाते, म्हणजे भावना, नाती आणि स्वतःची प्रतिमा सतत हेलकावे खाणारा आजार. हे नाव यात आलं कसं माहितीय? बाईंना फक्त आत्महत्येच्या कडेवरचे लोक घ्यायचे होते. पण सरकारी मानसिक आरोग्य संस्थेची ग्रँट हवी तर अर्जात एक निदान लागतं, म्हणून बॉर्डरलाइन टाकलं. ग्रँटच्या फॉर्मनं आख्ख्या थेरपीचं बारसं केलं. अर्ज भरणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

आणि १९८३ ची त्यांची एक प्रश्नावली आहे, ४८ विधानांची. तोवर सगळे विचारायचे, जीव का द्यावासा वाटतो. यांनी उलटं विचारलं, तसा विचार आला तरी तू थांबतोस कशामुळे? पोरं, भीती, लोक काय म्हणतील, अजून करायचं काय राहिलंय, एकेकावर सहापैकी आकडा द्यायचा. मी आजही वापरते.

---

तिरकस

आता मला खुपतंय ते सांगतो. बाईंनी स्वतःचं पेशंट असणं लपवलं कधीपर्यंत? पेशंटला सांगायचं की आहे ते स्वीकारा, आणि स्वतः व्रण झाकायला लांब बाह्या.

---

शाईपेन

२०११ पर्यंत. जवळच्यांना माहीत होतं, जाहीर नव्हतं. त्या जूनमध्ये त्याच हार्टफर्डच्या इन्स्टिट्यूटमध्ये, जिथे ती खोली होती, तिथे भाषण करून सांगितलं. वय ६८. निमित्त एक पेशंट. तिनं विचारलं, तुम्ही आमच्यातल्या आहात का? बाईंचं ठरलेलं उत्तर असायचं, म्हणजे मी दुःख भोगलंय का असं विचारतेस? यावर बहुतेक जण गप्प बसायचे. ही बसली नाही. म्हणाली तसं नाही, *आमच्यातल्या*, कारण तुम्ही असाल तर आम्हाला सगळ्यांना केवढी आशा वाटेल. बाईंनी नंतर सांगितलं की भित्री म्हणून मरायचं नव्हतं.

केय रेडफिल्ड जेमिसन, याही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, जॉन्स हॉपकिन्सच्या प्रोफेसर, बायपोलरवरचं जाडजूड ग्रंथकाम नावावर, त्यांनी स्वतःचा बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणारा आजार, १९९५ लाच जाहीर केला होता. म्हणजे वाट अगदी नव्हतीच असं नाही.

---

खिडकीपाशी

तिरकस, १९७७ मध्ये असिस्टंट प्रोफेसर असलेल्या बाईनं सांगितलं असतं तर ग्रँटच्या कमिटीनं पहिल्या बैठकीत म्हटलं असतं की हे विज्ञान नाही, ही आत्मकथा आहे. आणि पुढचा ट्रायल झाला असता कुणाचा? आधी आकडे, मग कहाणी, हा क्रम मला भित्रेपणा वाटत नाही.

तरीही त्या पेशंटचा प्रश्न मलाही छळतो. मला कुणी असं विचारलं तर मी काय सांगेन, खरंच माहीत नाही.

---

तिरकस

हं. हे पटलं. पूर्ण नाही, पण पटलं. लांब बाह्यांचं वाक्य मागे घेतो, ते उगाच होतं.

---

कोपऱ्यातला

निशाचर, एक विचारू? ते थंड पाण्याचं काय असतं? कुठेतरी ओझरतं वाचलं होतं.

---

निशाचर७

असतं ते. भावना फारच अंगावर आल्या की भांड्यात थंड पाणी घ्यायचं, श्वास रोखून तोंड बुडवायचं, मोजून थोडेच सेकंद. पाण्यात सूर मारल्यावर शरीर आपोआप ठोके कमी करतं, तीच युक्ती. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाही हे क्लासमध्ये पहिल्यांदा सांगतात.

आमच्याकडे एक निळा टब होता त्यासाठी. पहिल्यांदा ताई न्हाणीघरातून बाहेर आली ती केसांतून पाणी गळत, चिडलेली, म्हणाली काय मूर्खपणा आहे हा. मी म्हटलं मग कशाला केलंस? तर म्हणाली, गृहपाठ होता. आणि पुसायला टॉवेल मागितला. रडणं थांबलेलं, ते तिच्याही लक्षात आलं नव्हतं.

हा धागा तिला पाठवलाय. डायरी कार्ड चोरून बघायचो ते आता कळणार, बघू काय म्हणते.